जुनी कागदपत्रे, छायाचित्रे आणि फिल्म यांचे डिजिटायझेशन: पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

घरातील जुन्या पत्रांची आणि हिशेबाच्या वह्यांची बाडे, सुमारे अकराशे छायाचित्रे, निगेटिव्हच्या पाकिटांचा एक गठ्ठा आणि फिल्मची चौदा रिळे माझ्याकडे आली, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी स्कॅनर आणला आणि लगेच कामाला लागले. तीन आठवड्यांत चारशे छायाचित्रे स्कॅन करून झाली आणि ती सगळी मला पुन्हा करावी लागली. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरने आपणहून रंग ‘सुधारले’ होते, फाइली जेपीईजीमध्ये, म्हणजे थोडा तपशील गाळून फाइल लहान करणाऱ्या स्वरूपात, साठवल्या होत्या आणि छायाचित्रांच्या पाठीमागे काय लिहिले आहे ते मी पाहिलेसुद्धा नव्हते. हे सगळे दुरुस्त करता आले. एक गोष्ट मात्र दुरुस्त झाली नाही. काळ्या पानांच्या एका अल्बममधील फोटो मी कोपऱ्यांतून सोडवून एकत्र रचले होते. त्या अल्बमच्या एका पानावर पांढऱ्या शाईने ‘धाकटी, परीक्षेनंतर’ अशी ओळ आहे. त्या पानावरच्या चार फोटोंत तीन वेगवेगळ्या मुली दिसतात, आणि त्यांतली धाकटी कोण हे सांगू शकणारी आत्या तोवर गेली होती.

स्कॅनरचे बटण दाबणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. खरा वेळ आणि खरी काळजी लागते ती आधीच्या मांडणीला आणि नंतरच्या नोंदींना, म्हणून या लेखात मी त्यांनाच जास्त जागा दिली आहे. घरचा संग्रह असो किंवा एखाद्या संस्थेचे दप्तर, पायऱ्या त्याच राहतात.

१. आधी फक्त पाहा आणि मोजा

पहिले काही दिवस काहीही स्कॅन करू नका. स्वच्छ, कोरड्या आणि रिकाम्या टेबलावर एका वेळी एकच पेटी उघडा आणि वहीत लिहून काढा: कोणत्या पेटीत काय आहे, अंदाजे किती आहे, कशा अवस्थेत आहे. पेटी उघडताच, आतील काही हलवण्यापूर्वी, वरून मोबाइलने तिचा एक फोटो काढा. प्रत्येक थर उचलण्याआधी असाच फोटो घेत गेलात, तर कोणत्या पत्राशेजारी कोणते पाकीट होते हे नंतर शोधता येते. पाकिटावरील अक्षर, गठ्ठ्याची दोरी, दोन पत्रांच्या मध्ये ठेवलेली पावती यांतून पुष्कळदा तारीख ठरते. अभिलेखागारांत मूळ क्रम मोडू नये हा जुना नियम आहे, आणि घरच्या ट्रंकेलाही तो तितकाच लागू पडतो.

याच वेळी घरातील थोरल्या मंडळींशी बोलायला सुरुवात करा. स्कॅनिंग सहा महिने लांबले तरी कागदाचे फारसे बिघडणार नाही, पण माणसांच्या आठवणींना थांबवून ठेवता येत नाही.

२. धोक्याच्या वस्तू वेगळ्या काढा

ही पायरी टाळू नका, कारण यातील एक धोका आगीचा आहे.

३५ मिमीची जुनी चित्रपट फिल्म आणि जुनी निगेटिव्ह सेल्युलोज नायट्रेटवर असू शकतात. कोडॅकने नायट्रेट फिल्मचे उत्पादन १९५१ मध्ये थांबवले, त्यामुळे त्याआधीची ३५ मिमी फिल्म हाती आली तर ती नायट्रेट आहे असे समजूनच वागावे. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडते, म्हणून ते पाण्याखालीही जळत राहते आणि त्याचा धूर विषारी असतो. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ असा छाप असेल तर बहुधा काळजी नसते, तरीही पूर्ण खात्री धरू नका, कारण एका फिल्मवरून दुसरी प्रत काढताना कडेचा छापही कधी कधी उतरतो. फिल्म चिकट झाली असेल, तपकिरी पडली असेल, तिच्यावर बुडबुडे आले असतील किंवा डब्यात तपकिरी भुकटी दिसत असेल, तर डबा थंड जागी, उष्णता आणि ठिणगीपासून दूर ठेवा आणि चित्रपट अभिलेखागाराशी संपर्क साधा. तुकडा जाळून पाहण्याची ‘परीक्षा’ कधीही करू नका. कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी, १९३२ मध्ये ८ मिमी आणि १९६५ मध्ये सुपर ८ फिल्म बाजारात आणली ती सुरक्षित ॲसिटेटवर, त्यामुळे घरगुती चित्रणाच्या रिळांबाबत ही धास्ती सहसा नसते.

ॲसिटेटचा रोग मात्र वेगळा आहे. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरला, तर फिल्मचा आधारच विघटित होऊ लागला आहे असे समजावे. त्यातून बाहेर पडणारे ॲसेटिक आम्ल पुढील विघटन आणखी वेगाने घडवते आणि शेजारच्या रिळांनाही बाधते. माझ्या चौदा रिळांपैकी दोन तशी होती. एकीची फिल्म कडांना लाटांसारखी वळली होती आणि अर्धी मूठ आवळल्यासारखी आकसली होती. अशी रिळे बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळी करा आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवा. वास येण्याआधीच अंदाज घ्यायचा असेल, तर आम्लतेनुसार निळ्याची हिरवी आणि पुढे पिवळी होणारी ए-डी कागदी पट्टी डब्यात ठेवतात.

बुरशी आलेले कागद बंद पिशवीत वेगळे ठेवा आणि ते हाताळताना मास्क लावा. काचेची निगेटिव्ह दोन्ही हातांनी कडेला धरून उचला. चांदीच्या आरशासारखी चमकणारी, चौकटीत बंद केलेली डागेरोटाइप छायाचित्रे तर चौकटीतून बाहेर काढूच नका, कारण तो पृष्ठभाग बोटाच्या स्पर्शानेही कायमचा खराब होतो.

३. क्रमांक द्या, क्रम ठेवा

प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तोच शेवटपर्यंत वापरा. पेटीचा क्रमांक, गठ्ठ्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक एवढे पुरते. क्रमांक कागदाच्या पाठीमागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने, खाली कठीण सपाट आधार ठेवून, अगदी हलक्या हाताने लिहावा. अलीकडच्या प्लॅस्टिक थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही. तिथे पाकिटावर लिहावे. बॉलपेन, स्टिकर आणि चिकटपट्टी यांपासून मूळ वस्तू वाचवा.

४. लागणारे साहित्य

• सपाट काचेचा स्कॅनर. बाजारात दोन जातींचे संवेदक मिळतात, सीसीडी आणि सीआयएस. सीआयएस स्कॅनर पातळ आणि हलका असतो, पण काचेपासून जराही वर उचललेला भाग त्यात धूसर येतो. अल्बम, वळलेले फोटो आणि बांधलेल्या वह्या असतील तर सीसीडीच घ्यावा.
• निगेटिव्ह आणि स्लाइड असतील तर झाकणात प्रकाशयोजना असलेला फिल्म स्कॅनर, किंवा मॅक्रो लेन्सचा कॅमेरा आणि समान उजेड देणारी प्रकाशपेटी.
• मोठ्या नकाशांसाठी आणि नाजूक वह्यांसाठी कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड आणि दोन एकसारखे दिवे.
• चोवीस रंगचौकटींचा रंगतक्ता आणि मोजपट्टी.
• हवेचा रबरी फुगा, मऊ ब्रश, काच पुसायचे धागे न सोडणारे फडके, भिंग.
• फोटो आणि निगेटिव्हसाठी नायट्राइलचे हातमोजे. कागदासाठी साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात बरे. सुती मोज्यांत बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात.
• आम्लमुक्त कागदाची पाकिटे, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक कव्हरे. पीव्हीसीची कव्हरे मुळीच नकोत.
• दोन हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या बनावटीच्या.
• एक कागदी नोंदवही.

स्कॅनर निवडताना खोक्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नका. त्यावर छापलेले रिझोल्यूशन पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेले असते. तपशिलांत ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशन शोधा, आणि तेही सपाट काचेच्या स्कॅनरवर फिल्मच्या बाबतीत प्रत्यक्षात बरेच कमी भरते.

५. किती बारकाईने स्कॅन करावे

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. हस्तलिखित आणि छापील कागदांसाठी दर इंचाला ४०० पिक्सेल, बारीक अक्षर किंवा पुसट शाई असेल तर ६००. छापलेल्या छायाचित्रांसाठी ६००, अगदी छोट्या फोटोंसाठी १२००. ३५ मिमी निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी ३००० ते ४०००. यापुढे फाइल फुगते, तपशील वाढत नाही.

आकड्यांचा अर्थ समजून घेतला की निर्णय सोपा होतो. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० ला घेतला, तर २४०० बाय ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल मिळतात, आणि प्रत्येक रंगाला ८ बिट (बिट जास्त तितक्या छटा जास्त) धरून असंक्षिप्त, म्हणजे काहीही न गाळता साठवलेली, टिफ फाइल २६ एमबीच्या आसपास होते. १६ बिट घेतल्यास ती दुप्पट. म्हणजे असे हजार फोटो २६ किंवा ५२ जीबी जागा घेणार. ३५ मिमीची २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट ४००० ला घेतली की सुमारे २.१ कोटी पिक्सेल होतात. हे गणित आधी करा आणि त्यानुसार डिस्क घ्या.

कृष्णधवल फोटोही रंगीतच स्कॅन करावेत, कारण कागदाचा पिवळेपणा, शाईचा रंग आणि डाग हीसुद्धा माहितीच आहे. फिकट पडलेल्या फोटोंसाठी आणि निगेटिव्हसाठी १६ बिट घ्यावेत, कारण पुढे उजेड-अंधार ओढताण करून सुधारायचे असल्यास ८ बिटांच्या फाइलीत पट्टे पडतात.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप रंगदुरुस्ती, धार वाढवणे, धूळ काढणे असे जे जे पर्याय असतील ते सगळे बंद करा. दुरुस्ती नंतर प्रतीवर करता येते. मूळ स्कॅनमध्ये मशीनने पुसून टाकलेले परत आणता येत नाही. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रंगतक्त्याचा एक स्कॅन घेऊन ठेवा, म्हणजे सत्रागणिक रंग किती सरकले ते कळते.

६. कागदपत्रे

टाचण्या आणि गंजलेले पिन काढताना कागद ओढू नका; पिनेच्या पायाखाली पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवा आणि पाय एकेक करून उघडा. घडी उलगडताना कडकड आवाज आला तर थांबा, तो कागद तज्ज्ञाकडे जायला हवा. आपोआप कागद ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना कागद कधीही घालू नका.

पातळ कागदावर मागची शाई पुढे दिसत असेल, तर कागदामागे पांढऱ्याऐवजी काळा कागद ठेवा. मागची अक्षरे लगेच दबतात. या साध्या उपायाने मला एका वहीची पन्नासेक पाने वाचता आली. प्रत्येक कागद पाठपोट स्कॅन करा, पाठ कोरी दिसत असली तरी. तिरक्या उजेडात पाहिल्यावर पेन्सिलीची ओळ सापडते. कागदाची पूर्ण कडा स्कॅनमध्ये दिसू द्या, कारण कापलेल्या कडेवरून पान पूर्ण आहे की फाटलेले हे कळत नाही. बांधलेली वही जबरदस्तीने १८० अंशांत उघडू नका. दोन्ही पुठ्ठ्यांखाली आधार देऊन जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडा आणि कॅमेऱ्याने घ्या. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लावले की चमक आणि सावली दोन्ही टळतात.

७. छायाचित्रे आणि अल्बम

आधी फुग्याने धूळ उडवा. ओले फडके, साबण, स्पिरिट काहीही लावू नका. जुन्या कृष्णधवल फोटोंच्या कडेला निळसर धातूसारखी झाक दिसते. ती चांदी वर आल्याची खूण आहे, मळ नाही, तेव्हा ती पुसायला जाऊ नका.

अल्बमचे आधी अख्खे पान घ्या, त्यावरील लिखाण आणि फोटोंच्या जागा दिसतील असे. मग शक्य असेल तर पानावर असतानाच एकेक फोटो. फोटो सोडवणे हा शेवटचा उपाय, आणि तोही कोपऱ्यांत बसवलेल्या फोटोंपुरता. चिकट पानांच्या अल्बममधील फोटो ओढले तर फाटतात. ते पानासकट स्कॅन करा. वरचे प्लॅस्टिक सहज सुटत असेल तरच बाजूला करा. पाठीमागचे लेखन, स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचा छाप हे सगळे स्वतंत्र स्कॅनमध्ये घ्या.

८. निगेटिव्ह आणि स्लाइड

निगेटिव्हची एक बाजू चकाकते आणि दुसरी मंद दिसते. मंद बाजूवर प्रतिमेचा थर असतो. तिला बोट लावू नका, आणि ती कोणत्या दिशेला ठेवायची हे ठरवून तसेच चालवा, नाहीतर प्रतिमा आरशासारखी उलटी येते. पाटीवरची किंवा कोटावरच्या बटणांची बाजू पाहून हे तपासता येते. फिल्म काचेला चिकटली की इंद्रधनुषी वर्तुळे उमटतात, म्हणून होल्डर वापरा.

एक सापळा इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून काढण्याची सोय साध्या रंगीत फिल्मवर उत्तम चालते, पण पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशीन चित्रालाच धूळ समजते. कोडॅक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मवरही हीच अडचण येते. अशा फिल्मसाठी ही सोय बंद ठेवा आणि फुग्यावर जास्त वेळ घालवा.

९. चलचित्राची रिळे

जुना प्रोजेक्टर काढून ‘एकदा चालवून पाहू’ हा मोह आवरा. फिल्म आकसली असेल तर कडेची छिद्रे दात्यांशी जुळत नाहीत आणि फाटत जातात. रीळ उजेडाकडे धरून भिंगाने पहिल्या काही चौकटी पाहिल्या तरी विषय कळतो. छिद्रे मोठी असतील तर साधी ८ मिमी, लहान असतील आणि रिळाचे मधले भोक मोठे असेल तर सुपर ८.

हे काम घरी करण्याच्या भानगडीत न पडता बाहेर द्यावे असे माझे मत आहे, पण देताना नीट चौकशी करावी. मी पहिली दोन रिळे ज्यांच्याकडे दिली त्यांनी ती पडद्यावर चालवून समोरून चित्रीकरण केले होते. प्रतिमा मधोमध उजळ आणि कडांना अंधारी आली, शिवाय सगळीकडे लुकलुक. तेव्हा आधीच विचारा: प्रत्येक चौकट स्वतंत्र स्कॅन होते का, दाते नसलेल्या यंत्रणेवर फिल्म चालते का, चौकटीच्या कडा छिद्रांसह दिसतील इतके मोठे चित्र घेतात का, आणि दुरुस्ती न केलेली फाइलही मिळेल का. सुपर ८ च्या ५० फुटी रिळात ३६०० चौकटी असतात आणि सेकंदाला १८ या वेगाने ते ३ मिनिटे २० सेकंद चालते. परत आलेली फाइल याहून बरीच छोटी असेल, तर वेग चुकला आहे किंवा काही भाग गळला आहे. आधी एकच रीळ नमुना म्हणून द्या. मूळ प्रतीसाठी संस्थांत एफएफव्ही१ हे विनाक्षय, म्हणजे काहीही न गाळणारे, व्हिडिओ स्वरूप पुष्कळ वापरतात; घरी प्रोरेस हे व्हिडिओ स्वरूपही पुरते. एमपी४ फक्त पाहण्यासाठी.

१०. मूळ फाइल आणि वापरायची प्रत

टिफ ही मूळ फाइल. तिला एकदा साठवले की हात लावायचा नाही, फिरवायचे नाही, कापायचे नाही. नातेवाइकांना पाठवायला, दुरुस्ती करायला तिच्यावरून जेपीईजी काढा. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून साठवली की प्रत्येक वेळी थोडी झिजते. अनेक पानी कागदपत्रांची वाचायची प्रत पीडीएफ/ए स्वरूपात करावी. दीर्घकाळ जतनासाठीचे हे स्वरूप २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे.

फाइलचे नाव म्हणजे तिसऱ्या पायरीतील क्रमांक, पुढे पाठ की पोट हे सांगणारे एक अक्षर, बस. रोमन लहान अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच वापरा, मोकळी जागा सोडू नका, आणि क्रमांकाआधी शून्ये घाला, म्हणजे दहावा फोटो दुसऱ्याच्या आधी येणार नाही. नावात ‘लग्न’, ‘सहल’ असे वर्णन घालू नका. वर्णन बदलते, क्रमांक बदलत नाही.

११. नोंदी

एका तक्त्यात प्रत्येक क्रमांकासमोर लिहा: काय आहे, कोण आहे, कोठे, केव्हा, कोणी काढले किंवा लिहिले, मूळ वस्तू कोणत्या पेटीत आहे, पाठीमागे काय लिहिले आहे ते जसेच्या तसे. संस्थेसाठी काम असेल तर डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाणित आराखड्याचे पंधरा घटक आधार म्हणून घ्या. पण सर्वांत महत्त्वाचा रकाना कोणत्याही तयार तक्त्यात सहसा नसतो: ‘ही माहिती कोणी दिली आणि केव्हा’. माझ्याकडे एका समूहचित्राबाबत दोन काकांनी दोन वेगळी नावे सांगितली. दोन्ही मी नोंदवली, प्रत्येकासमोर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख. पुढे एका पत्रातून निकाल लागला. मी तेव्हा एकच नाव निवडून लिहिले असते तर दुसऱ्याचा शोध घेण्याचे कारणच उरले नसते.

तारखेची खात्री नसेल तर ‘१९५८ च्या सुमारास’ असेच लिहा. अंदाजाला नेमकेपणाचे कपडे चढवू नका. माणसे डावीकडून उजवीकडे, ओळीनुसार लिहा, अनोळखी व्यक्तीची जागाही ‘अज्ञात’ म्हणून धरा. बायकांची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे लिहा, कारण जुन्या पत्रांत त्या कोणत्याही नावाने येतात. थोरल्यांना फोटो दाखवताना स्क्रीनवर मोठे करून दाखवा आणि संभाषण त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करा. एका वेळी पंधरा-वीस फोटोंच्या पुढे जाऊ नका, माणूस दमतो आणि मग ‘असेल तोच’ अशी उत्तरे येऊ लागतात.

१२. साठवण

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. घरातच शेजारी ठेवलेल्या दोन डिस्क एकाच आगीत किंवा पुरात जातात. लिहिण्याच्या सीडी आणि डीव्हीडींवर विसंबू नका, त्यांतील रंगद्रव्य काळानुसार बिघडते.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम काढून ठेवा. हा फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. फाइलमधील एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. वर्षातून एकदा सर्व प्रतींचे ठसे ताडून पाहा, बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवरून बदला, आणि डिस्क जुनी झाली की ती बंद पडण्याची वाट न पाहता नवीवर उतरवा.

१३. हक्क आणि खासगीपण

पत्र तुमच्या हातात असले तरी त्यातील मजकुराचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, आणि स्टुडिओत काढलेल्या फोटोबाबतही मालकी तपासावी लागते. जतनासाठी स्कॅन करणे आणि सर्वांसमोर प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हयात माणसांच्या आजाराची, भांडणाची, पैशाची पत्रे त्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नका. संग्रह संस्थेला द्यायचा असेल तर कोणाला काय पाहता येईल, केव्हापासून, आणि डिजिटल प्रती तुमच्याकडे राहतील का, हे लेखी ठरवून घ्या.

१४. मूळ वस्तू परत ठेवताना

स्कॅन झाले म्हणून मूळ टाकून देऊ नका. उद्याचा स्कॅनर आजच्यापेक्षा जास्त पाहील, आणि कागदाचा पोत, जलचिन्ह, शाईचा दाब हे फाइलीत पूर्णपणे उतरत नाही. प्रत्येक वस्तू आम्लमुक्त पाकिटात घाला, पाकिटावर क्रमांक लिहा आणि पहिल्या पायरीत काढलेले फोटो समोर ठेवून त्याच क्रमाने पेटीत परत रचा. काचेची निगेटिव्ह लांब कडेवर उभी ठेवा, फिल्मची रिळे आडवी. पोटमाळा, तळघर आणि स्वयंपाकघराची भिंत टाळा. घरातील सर्वांत थंड, कोरडी आणि दिवसभर तापमान न बदलणारी जागा शोधा. शेवटी तक्त्याची एक छापील प्रत प्रत्येक पेटीत सर्वांत वर ठेवा, म्हणजे पेटी उघडणाऱ्याला संगणक सुरू न करताही आत काय आहे ते वाचता येईल.